आठल्यांचा तिसरा रकाना

गेल्या आठवड्यात बँकेत एक गृहस्थ आले. आजोबांची जुनी गाडी विकायची होती. तिची खरी किंमत सांगेल असा माणूस बनारसमध्ये आहे का, असे त्यांनी विचारले. कर्ज विभागात वीस वर्षे काढल्यामुळे लोक मला असले प्रश्न विचारतात. घराचे मूल्यांकन कोण करतो, सोने कोण तपासतो, मला ठाऊक असते. जुन्या गाडीचेही ठाऊक होते. मी मोबाईलमध्ये नंबर शोधला, सापडला, आणि मोबाईल परत पर्समध्ये टाकला. भास्करकाका आठल्ये मागच्या माघात गेले.

"होते एकजण," मी म्हटले. "आता नाहीत."

"मग दुसरे कोणी?"

"नाही."

गृहस्थ नाराज होऊन गेले. मी तरी काय करणार? दुसरे कोणी शोधण्यात मी स्वतः सहा महिने घालवले होते.

आठल्ये तसे आमच्या ओळखीचे. ते ब्रह्माघाटाकडे राहत, आम्ही दुर्गाघाटला. मधे पाच मिनिटांची गल्ली. काशीतली मराठी घरे मोजकी, सगळे सगळ्यांना ओळखतात. पण लहानपणापासून मी त्यांना ओळखत होते ते गणपतीच्या पंगतीतले खडूस काका म्हणून. वाटली डाळ पानात पडली की ते एक घास घेत आणि वाढणारीला म्हणत, "डाळ सकाळी वाटली, फोडणी आत्ता दिली." वाढणारी लाल होई, कारण ते खरे असे. त्यांच्या शेजारचे पान शेवटपर्यंत रिकामे राहायचे. ते विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासत आणि निवृत्तीनंतर जुन्या गाड्यांची किंमत करून देत, हे आमच्यापैकी फारसे कोणाला माहीत नव्हते. ज्या मोहल्ल्यात सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागते, तिथे गाडीचा जाणकार कशाला कोण शोधेल?

आमची गाडी म्हणजे लँडमास्टर. अँबॅसिडरच्या आधी निघायची ती. बाबा वैदिक होते. रामनगरच्या एका यजमानाकडे त्यांनी लांबलचक अनुष्ठान केले, आणि यजमानाने दक्षिणेत गाडी दिली. बाबांना गाडी चालवता येत नव्हती, आमच्या गल्लीत ती येत नव्हती. ती रामनगरलाच कल्लू मिस्त्रीच्या शेडमध्ये राहिली. वर्षातून एकदा दसऱ्याला आम्ही नावेतून पलीकडे जायचो, गाडीची पूजा करायचो, कल्लू आम्हाला एक चक्कर मारून आणायचा, आणि आम्ही परत यायचो. आमच्या घरातली चैन एवढीच.

बाबा गेले तेव्हा आई तिसऱ्या मजल्यावर होती. दोन्ही गुडघे गेलेले, जिना अंधारा आणि उभा. दोन वर्षे ती खाली उतरली नव्हती. डॉक्टरला वर बोलवायचे, भाजीवाल्याला वर बोलवायचे, गंगा दिसते ती खिडकीतून, तीही हातभर. तळमजल्याचे घर घ्यायचे तर रक्कम हवी होती, आणि घरात विकण्यासारखी वस्तू एकच होती. पुण्याचा माझा भाऊ सुहास म्हणाला, "विक ताई, पण फसू नकोस."

फसवायला लोक तयारच होते. पहिला जाणकार आला तो गाडी बघून म्हणाला, भंगार आहे, पण मीच घेतो. दुसऱ्याने बॉनेट न उघडता एवढा मोठा आकडा सांगितला की मला आपली चेष्टा चालली आहे असे वाटले. मग कळले की त्याला आकड्यावर टक्का हवा होता. तिसरा आला, त्याने गाडीसमोर उभे राहून स्वतःचे फोटो काढले आणि गेला. बँकेत आम्ही एक नियम पाळतो: जो किंमत सांगतो त्याचा व्यवहारात हात नको. जुन्या गाड्यांच्या बाजारात असा माणूस भेटेना. शेवटी कल्लू मिस्त्रीच वैतागून म्हणाला, "दीदी, असली आदमी तो आपके मोहल्ले में बैठा है. आठले बाबू. बाकी सब दलाल हैं."

मी आठल्यांकडे गेले. दार काकूंनी उघडले. आतून आवाज आला, "बस. आधी माझी चूक ऐक."

ही त्यांची पद्धत होती. नवा माणूस आला की ते खिशातून आपल्या चुकलेल्या अहवालाचा घडी घातलेला कागद काढत आणि स्वतःची चूक सांगत. लखनौचे माथुर नावाचे गृहस्थ जुन्या गाड्या जमवतात. त्यांच्यासाठी आठल्यांनी एक जीप पाहिली आणि अस्सल म्हणून लिहून दिले. वर्षाने त्यांना तशीच दुसरी जीप दिसली आणि संशय आला. ते आपल्या खर्चाने लखनौला गेले, माथुरांच्या अंगणात जीपखाली झोपले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, ह्या दोन जीप आहेत. मधे जोडल्यात. मला दिसलं नव्हतं." फी परत दिली. माथुरांना पत्ताही नव्हता. ते मजेत जीप चालवत होते.

"ऐकलंस? तरी मला गाडी दाखवायची आहे?"

"अर्धी गिऱ्हाइकं इथूनच पळतात," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "ह्यांनी मला बघायला आल्यावर पण हेच केलं. माझा पगार कमी आहे, माझा स्वभाव वाईट आहे, मला दमा आहे. माझे वडील म्हणाले, एवढा खरा माणूस कुठे मिळणार! वडिलांना काय, त्यांना थोडंच राहायचं होतं."

"दमा नंतर गेला," काका म्हणाले.

"तेवढाच गेला."

गाडी दाखवायला मी हो म्हटले. त्यांनी फी आधी घेतली. आकडा ऐकल्यावर लोकांचा हात खिशात जात नाही, असे त्यांचे म्हणणे. टक्का नाही, गाडी कितीही मोठी असली तरी फी तीच.

काम संपेपर्यंत ते मालकाच्या घरचे काही खात-पीत नसत. बनारसमध्ये हे किती अवघड आहे, ते इथल्या माणसालाच कळेल. सिगरा भागातल्या एका साडीवाल्या शेठजींनी त्यांच्यापुढे मलइयो, म्हणजे हिवाळ्यातला दुधाचा गोड फेस, ठेवली, लस्सी ठेवली, पान ठेवले. हे पाण्याची आपली बाटली काढून प्यायले. शेठजींचा अपमान झाला. ते म्हणाले, "हम क्या जहर दे रहे हैं?" आठल्ये म्हणाले, "नाही शेठजी, मलइयो चांगली दिसतेय. तीच अडचण आहे." गाडी बघून झाल्यावर त्यांनी मलइयो मागितली, तोवर शेठजींनी ती आत नेऊन ठेवली होती.

ठरलेल्या दिवशी आम्ही दोघे रामनगरला गेलो. हिवाळ्याची सकाळ होती. काकांनी मला शेडच्या बाहेर खाटेवर बसवले. "मालक जवळ असला की कान त्याच्याकडे लागतात. तू बाहेर." पण शेडला दार नव्हते, मला सगळे दिसत होते.

ते आधी मागच्या सीटवर जाऊन बसले. बराच वेळ नुसते बसले. मग उतरून प्रत्येक दार तीनदा उघडले, बंद केले, आवाज ऐकला. दाराच्या फटीतून एक जुने पोस्टकार्ड वरपासून खालपर्यंत सरकवत नेले. जिथे अडकले तिथे खडूने खूण केली. रुमालात बांधलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवले. पत्रा खरा असेल तिथे ते चिकटते, रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथे घसरते. डिकीत डोके घालून वास घेतला. मग अंगाखाली पोते टाकून गाडीखाली गेले, ते पाऊण तास आलेच नाहीत. पंचाहत्तरीचा माणूस. कल्लू दोनदा वाकून बघून आला. "जिंदा हैं," तो मला म्हणाला.

स्वतः त्यांना गाडी चालवता येत नव्हती. कधी शिकलेच नाहीत. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "चालवायला लागलो की आवडायला लागेल."

शेवटी बॉनेट उघडले, आणि थोड्या वेळाने हाक आली. "सुधा, इकडे ये."

बॉनेटच्या आत जिथे गाडीचा चॅसिस नंबर पत्र्यात ठोकलेला असतो ती जागा ते टॉर्चने बघत होते. टॉर्च आडवा धरला, खडू चोळला, बोटाने चाचपले. जागा आरशासारखी गुळगुळीत होती.

"इथे तुम्ही काय करायचात?"

"पूजा. दर दसऱ्याला."

"ह्याच जागेची?"

मी सांगितले. बाबांचे म्हणणे असे, की संकल्पात नाव आणि गोत्र लागते. गाडीचे नाव म्हणजे तिचा नंबर, तेव्हा पूजा नंबरचीच करायची. आधी जागा चिंच आणि राखेने घासायची, जसा देवघरातला तांब्या घासतात तशी, मग पंचामृत, मग हळदकुंकू.

"कोण घासायचं?"

"मी."

"किती वर्षं?"

"आठव्या वर्षापासून. बाबा होते तोवर."

काका वाकले होते ते सरळ झाले. "छान घासलंस," ते म्हणाले.

कल्लू हसला. चाळीसएक दसरे आम्ही बापलेकींनी मिळून त्या गाडीचे नाव पुसून टाकले होते. कागदावर नंबर होता, गाडीवर नव्हता. ज्याच्या हाती गाडी आहे त्याला याने काही फरक पडत नाही. जो विकत घेतो त्याला पडतो, कारण नंबर नसलेली गाडी कोणाचीही असू शकते.

त्यांच्या अहवालात तीन रकाने असत. आहे, नाही, माहीत नाही. इतर लोक दोनच करतात. तिसरा भरताना त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागे. आमच्या गाडीचा पहिला रकाना लांबलचक होता. इंजिन, काचा, सीटच्या स्प्रिंगा, सगळे मूळचे. त्यांनी आकडाही चांगला काढला. आणि तिसऱ्या रकान्यात लिहिले: ही गाडी कागदावरचीच गाडी आहे का.

ही गाडी घ्यायला लखनौचे माथुरच तयार होते. जीपच्या प्रकारानंतर त्यांचा आठल्यांवर असा विश्वास बसला होता की फोनवर म्हणाले, "आठले साहब लिख दें, मैं देखने भी नहीं आऊँगा." त्यांच्या रकमेत विद्यापीठाजवळच्या लंका मोहल्ल्यातला तळमजल्याचा फ्लॅट येत होता. मी तो बघून आले होते. आईला बाल्कनीची मापे सांगून झाली होती.

"काका, नंबर कागदावर आहेच," मी म्हटले. "तो इथे उतरवा. गाडी तीच आहे. मी लहानपणापासून बघतेय."

"तू बघतेयस. मी आज बघितली."

"आज? तुम्ही दसऱ्याला सोनं द्यायला इथे यायचात बाबांना!"

"आपट्याची पानं द्यायला यायचो, तेही पूजा आटोपल्यावर. बॉनेट कोणी उघडलं होतं?"

"तुम्हाला मनातून ठाऊक आहे की ती तीच आहे."

"मनातून आहे. तसं हवं तर लिहितो. माथुर मनासाठी पैसे देणार नाहीत."

मग मी बोलू नये ते बोलले. "आई दोन वर्षं खाली उतरली नाही, काका."

"ठाऊक आहे."

"मग?"

"ते गाडीत नाही, सुधा."

मी कागद घेतला आणि परतीच्या नावेत त्यांच्याकडे पाठ करून बसले. माथुरांनी अहवाल वाचून फार सभ्यपणे नकार दिला. सुहास फोनवर म्हणाला, "ताई, तू फी देऊन आपलं नुकसान लिहून घेतलंस." ते खरेच होते. आईने बाल्कनीबद्दल विचारणे बंद केले. एकदाच म्हणाली, "आठल्यांना सांग, माझ्या दारात येऊ नका." ते आलेही नाहीत. गल्लीत समोरून दिसले तर मी दुसऱ्या गल्लीत वळायची. आमच्याकडे गल्ल्यांना तोटा नाही.

तीन आठवड्यांनी ते बँकेत माझ्या टेबलासमोर येऊन बसले. "अर्ज कर. जुना नंबर पुन्हा ठोकायची परवानगी मिळते. कागद कोणते ते मी सांगतो."

"आणि वाहन कार्यालयात खेटे कोण घालणार? मला रजा नाही."

"अडवलं मी. जायला पण मीच येतो."

आले. खरोखर आले. ऑफिसचा दोष होता असे मी म्हणणार नाही. फाईल जुनी होती, गाडी दोनदा जिल्हा बदललेली होती, आणि जुने रजिस्टर शोधायला कुणाला वेळ नव्हता. मला जमेल तेव्हा मी जायची, नाहीतर ते एकटे. बाकावर बसून ते बाहेर लावलेल्या स्कूटरी बघत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता सांगत, "ही एकदा पडलीय. डाव्या अंगावर." लोक चिडत. एक दलाल आठवड्यात काम करून देतो म्हणाला. मी थकले होते. म्हटले, "काका, देऊन टाकू यालाच."

"दे," ते म्हणाले. "मग मला परत गाडी दाखवायला आणू नकोस."

मी दिले नाही. तत्त्व वगैरे काही नव्हते. त्यांच्या सहीशिवाय त्या गाडीला गिऱ्हाईक मिळाले नसते, एवढेच.

चौदा महिने लागले. पावसाळा आला, गंगा घाटावर चढली, उतरली, आईने आणखी एक दसरा वरूनच काढला. काकांचा श्वास त्या वर्षात बिघडला. नंबर ठोकला त्या दिवशी ते शेडपर्यंत रिक्षाने आले, भिंतीला धरून उभे राहिले, आणि नवा अहवाल लिहिला. त्यात त्यांनी नंबर पहिल्या रकान्यात घातला आणि पुढे लिहिले: आदेशानुसार नव्याने ठोकलेला, मूळ नव्हे. मला ती शेवटची ओळ नको होती. पण सांगून उपयोग नव्हता.

माथुरांनी तोवर दुसरी गाडी घेतली होती. आमची मिर्झापूरच्या एका डॉक्टरांनी घेतली, पहिल्या रकमेच्या निम्म्याहून थोडी जास्त देऊन. त्यांनी अहवाल उभ्याउभ्या वाचला, नव्या नंबराच्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "ये किसने लिखा है? इनके लिखे पर ले लूँगा." लंकेचा फ्लॅट त्यात बसला नाही. रामनगरला तळमजल्याच्या दोन खोल्या बसल्या, पुढे ओटा, ओट्यापलीकडे रस्ता. मी त्या घेतल्या.

मी आठल्यांना माफ केले का, असे काकूंनी नंतर मला विचारले होते. चौदा महिने आई वर होती. ते मी कोणत्या रकान्यात घालू? पण गाडी विकल्यावर मला एकदाही फोन आला नाही की बाई, तुम्ही हे सांगितलं नव्हतं. बँकेत काम करणाऱ्या माणसाला यातले सुख समजेल.

आईला हलवले तो दिवस वैशाखातला होता. गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत नेण्यापेक्षा पंचगंगा घाटावरून नावेने थेट रामनगर, असे ठरवले. चार नावाड्यांनी तिला खुर्चीत बसवून जिना उतरवला, मग गल्ली, मग घाटाच्या त्या उभ्या पायऱ्या. आई डोळे घट्ट मिटून होती. पायऱ्यांच्या खाली आठल्ये उभे होते. काकूंनी सांगितले असेल. एवढ्या पायऱ्या उतरून त्यांना धाप लागली होती.

आईने डोळे उघडले ते त्यांच्यासमोर.

"तुमच्यामुळे वर्षभर जास्त बसले मी वर," ती म्हणाली.

"हो, वहिनी."

आई वाट बघत राहिली. मग तिनेच नावाड्यांना खूण केली, आणि त्यांनी खुर्ची उचलून नावेत ठेवली. मी सामान मोजत होते. मोटर सुरू झाली, नाव काठापासून हातभर सुटली.

"थांब!" काका ओरडले. त्यांना मोठा आवाज निघेना, म्हणून हातातली काठी वर केली. "डाव्या बाजूला, मागून दुसरी फळी. पाणी येतंय."

नावाडी हसला. "बाबा, ई नाव परसों रँगी है. एकदम टंच!"

"रंगवलीय म्हणूनच बघितली," काका म्हणाले.

"चला हो," मी म्हटले. उशीर होत होता, पलीकडे कल्लू हातगाडी घेऊन उभा असणार होता. नावाड्याने मोटर वाढवली.

आई एवढा वेळ पुढे बघत होती. आता ती खुर्चीतून डावीकडे वाकली, फार हळू, मला वाटले तिला घेरी आली. तिने हात खाली सोडला, फळीवर टेकवला, आणि वर आणून माझ्यापुढे धरला. तळहात ओला होता.

"नाव परत घे," आई नावाड्याला म्हणाली.

"अम्मा, इतना तो सब नाव में—"

"परत घे. ते म्हणाले ना."

नाव वळली. पायरीवर काका तिथेच बसले होते, काठी गुडघ्यांवर आडवी टाकून, आणि शेजारची दुसरी नाव खालून वर बघत होते.